ताडोब्याच्या अलीकडचं शहर

प्रस्तावना

ताडोब्यात मंगळवारी सफारी बंद असते. पुण्या-मुंबईहून रजा काढून आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला हा मंगळवार आला, की तो वैतागतो, एसी लावून झोपून राहतो, नाहीतर आदल्या रात्रीच नागपूरची वाट धरतो. मंगळवार हा देवीचा वार. ताडोब्याच्या मोहर्ली फाटकापासून तासाभराच्या अंतरावर चंद्रपुरात त्याच दिवशी महाकालीच्या देवळात रांग लागलेली असते. नारळ आणि ओटी घेऊन उभ्या असलेल्या बायांचं बोलणं जरा कान देऊन ऐकावं. मराठीच्या दोन-तीन तऱ्हा, तेलुगू, हिंदी, मधूनच गोंडी, एवढं सगळं गाभाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकून होतं. हे पुस्तक त्या फुकट जाणाऱ्या मंगळवारासाठी आहे.

चंद्रपूरबद्दल बाहेरच्या माणसाला चार गोष्टी माहीत असतात: वाघ, कोळसा, ऊन आणि धूर. चारही खऱ्या आहेत आणि पुढे त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे. पण तेवढ्यावर शहर कळत नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास भरली. मुंबईच्या हिशेबात हा एखादा वॉर्ड झाला. या वॉर्डाएवढ्या गावात गोंड राजांची राजधानी आहे, तेलुगू व्यापाऱ्यांची पेठ आहे, भोसल्यांचं ठाणं आणि इंग्रजांचं जिल्ह्याचं ठिकाण आहे, कोळशाच्या वसाहती आहेत, बंगाली निर्वासितांचा कॅम्प आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिलेली भूमीही आहे. महाराष्ट्रात याहून कितीतरी मोठी शहरं आहेत, पण इतक्या वेगळ्या माणसांनी इतक्या दाटीने मांडलेला संसार फार ठिकाणी सापडत नाही.

ही माणसं इथं का आली, हा या पुस्तकातला मुख्य प्रश्न आहे. समुद्र नाही, बंदर नाही, हवा तर अशी की मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना टेकतो. हवापालट करायला चांद्याला (चंद्रपूरचं हे जुनं नाव) कोणी आलं नाही. आलेल्यांना बोलावलं ते जंगलाने, आणि जंगलं इथं दोन आहेत. एक वरचं: साग, बांबू, मोह आणि तेंदूचं. दुसरं खालचं: पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडलं जाऊन कोळसा झालेलं. या कोळशाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात गोंडांच्या मुलखाचं नाव दिलं. पुढे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र असलेला प्राचीन महाखंडही त्याच नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. चंद्रपूरची गेली पाच-सहाशे वर्षं म्हणजे या दोन जंगलांच्या हाकेला ओ देत आलेल्या माणसांची हकिगत आहे.

आरंभ गोंडांचा. परंपरा सांगते ती अशी: गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या गाठींनी त्रस्त होता. बल्लारपूरहून शिकारीला निघाला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका झऱ्याचं पाणी तो प्याला, त्याने तोंड धुतलं, आणि व्याधी गेली. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. मग एकदा त्याने पाहिलं, की ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. राणी म्हणाली, ही जागा वीराची. इथं नगर वसवा. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने कोटाची आखणी झाली म्हणतात. ससा-कुत्र्याची हीच गोष्ट अहमदाबादेतही सांगतात आणि हंपीतही, त्यामुळे इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये. चांद्याच्या गोष्टीत लक्षात ठेवावी ती राणी. या शहराच्या प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर एखादी बाई उभी दिसते.

दगडी परकोट पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला. त्याला दरवाजे चार: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. आणि पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. ते गोंड राजसत्तेचं चिन्ह. मान वर करून ते बघितल्याशिवाय दरवाज्यातून जाऊ नये. अर्थात जटपुरा गेटपाशी संध्याकाळी मान वर करायला ट्रॅफिक वेळच वेळ देतं. कोटाचा उपयोग केवळ शत्रूसाठी नव्हता. शहर पश्चिमेच्या इरई आणि पूर्वेच्या झरपट या नद्यांच्या बेचक्यात आहे. वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी मागे सरतं आणि पठाणपुऱ्याबाहेरच्या वस्त्यांत शिरतं. अशा वेळी कोटाच्या आतली जुनी माणसं गोंड राजांना अजून दुवा देतात. मधल्या काळात मात्र या भिंतीवर झाडंझुडपं माजली आणि बुरुजांवर कचऱ्याचे ढीग साठले. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज सकाळी फावडी-घमेली घेऊन बुरुजामागून बुरुज साफ केला. आज परकोटावरून जितकं चालता येतं, त्याचं श्रेय त्या श्रमदानाला आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बीरशहाचा खून झाला. त्याची राणी हिराई हिने दत्तक मुलगा रामशहा याच्या नावाने राज्य चालवलं. नवऱ्याची समाधी तिने बांधवून घेतली, ती अचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्यांमध्ये सर्वांत देखणी आहे. आणि महाकालीचं देऊळही तिचंच. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते. तिचं वैशिष्ट्य असं, की यात्रेकरूंचा मोठा लोंढा जवळपासच्या गावांपेक्षा लांबून येतो: नांदेड-परभणीकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून. ऐन उन्हात पोतराज, हलगी, हळद-कुंकवाने माखलेली कपाळं आणि झरपटीत आंघोळीला उतरलेली गर्दी. चांद्याची देवी नांदेडच्या शेतमजुराची कुलदेवता कशी झाली, याचं उत्तर राज्यांच्या सीमा बाजूला ठेवून जुन्या वाटा बघितल्या तरच सापडतं. गोदावरी, प्राणहिता, वर्धा आणि वैनगंगेच्या काठांनी माणसं फार पूर्वीपासून जा-ये करत होती. नकाशावरच्या रेघा नंतर आल्या.

तेलुगू माणसंही त्याच वाटांनी आली. लालपेठेत उघड्यावर पडलेल्या प्रचंड दगडी मूर्ती पाहिल्याशिवाय शहर सोडू नये. त्या रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने घडवून घेतल्या, पण ज्या देवळासाठी घडवल्या ते पूर्ण झालंच नाही. एकेका अखंड शिळेतून काढलेल्या या मूर्तींत सर्वांत मोठी आहे ती दहा तोंडांची दुर्गा. दहा तोंडं बघून लोकांनी तिचा रावण करून टाकला. राजधानीत देवळाचं इतकं मोठं स्वप्न एका परभाषक वाण्याला पडावं, यावरून त्या काळी पेठेत कोणाचं वजन होतं ते कळतं. आजही बाजारात दुकानांच्या पाट्या वाचत चाललं, तर ‘वार’ने संपणारी आडनावं मोजता मोजता पुरेवाट होते. ही घराणी घरात तेलुगू आणि दुकानात मराठी बोलत आली. कोमटी, म्हणजेच आर्य वैश्य, यांची देवी कन्यका परमेश्वरी. शहरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या नावातही ती आहे. वर्धा नदीपलीकडचं राजुरा तर निजामाच्या राज्यात होतं. १९५६ साली ते नांदेड जिल्ह्यात आलं आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडलं गेलं. त्यामुळे राजुऱ्याच्या म्हाताऱ्यांना रझाकारांच्या आठवणी आहेत आणि पुलाअलीकडच्या म्हाताऱ्यांना जुन्या मध्य प्रांताच्या.

१७५१ च्या सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं, १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी कोटाला खिंडार पाडलं, आणि नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ पासून चांदा हा इंग्रजी जिल्हा झाला. पण गोंड काही नाहीसे झाले नाहीत. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांनी १८५८ मध्ये अहेरीच्या जंगलातून इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. वय अवघं पंचवीस. दरवर्षी त्या तारखेला आदिवासी माणसं दुरून त्या तुरुंगात जमतात. एरवी या दगडी भिंतींच्या आत कोणी हौसेने जात नाही, त्या दिवशी मात्र पिंपळाला वंदन करायला रीघ लागते.

त्याच्या पाच-सहा दिवस आधी याच शहरात दुसरी गर्दी होऊन गेलेली असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यावर बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि १६ तारखेला इथं त्यांनी लाखोंना स्वतः दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यात पुढाकार घेतला होता. १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर निळा आणि पंचरंगी समुद्र उसळतो, पुस्तकांच्या रांगच्या रांग लागतात, भोजनदानाची पातेली रात्रभर उतरत नाहीत. त्याच सुमारास कॅलेंडर जुळलं, तर बंगाली मंडपांत ढाकही वाजत असतो. चंद्रपूर पाहायला कोणता महिना चांगला, असं कोणी विचारलं तर वाघवाले उन्हाळा सांगतील. आम्ही ऑक्टोबर सांगू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या जंगलाने हाका मारायला सुरुवात केली. वरोऱ्याला १८७० च्या दशकात इंग्रजांनी कोळशाची खाण काढली. पाठोपाठ आगगाडी आली, खाणकामगार आले, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशनरीही आले. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्हारशा मार्ग जोडला गेला आणि उत्तर-दक्षिण गाड्या या जंगलातून धावू लागल्या. रेल्वेने पाहुण्यासाठी एक सापळाही ठेवला आहे: शहरात स्टेशनं दोन आहेत. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं चंद्रपूर आणि गोंदिया मार्गावरचं चांदा फोर्ट. गावाचं नाव चांदा होतं, ते १९६० च्या दशकात चंद्रपूर झालं, पण दुसऱ्या स्टेशनाने जुनं नाव सोडलं नाही. तिकीट काढताना कोणत्या स्टेशनावर गाडी येते ते बघून घ्यावं.

बल्लारपुरात १९४५ साली कागद कारखाना निघाला तो बांबूच्या भरवशावर. भद्रावती, घुग्घुस, राजुरा आणि बल्लारपूर या पट्ट्यात खाणी, सिमेंटचे कारखाने आणि आयुध निर्माणी उभी राहिली. आंध्रातून, छत्तीसगडातून, बिहार-उत्तर प्रदेशातून, ओडिशातून, पंजाबातून माणसं कामाला आली आणि कॉलनीतल्या क्वार्टरांत शेजारी झाली. बल्लारपूरला लोक ‘मिनी इंडिया’ म्हणतात ते त्यामुळे. तिथल्या रेल्वेच्या पुलावर उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचल्या तरी देशाचा नकाशा पाठ होतो. बल्लारपूरच्या आगारातून साग कुठे कुठे जातो याचीही एक स्वतंत्र यादी करावी लागेल. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी तो इथूनच गेला.

बंगाली माणसांना मात्र कामाने बोलावलं नव्हतं, त्यांना देशाच्या फाळणीने ढकललं होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांपैकी अनेक कुटुंबांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आलं. आज त्यांची बरीच गावं गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत आहेत. जंगल साफ करून त्यांनी भातशेती केली, तळी खोदून मासे वाढवले. चंद्रपुरात मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बंगाली कॅम्प हा आता शहरातला गजबजलेला चौक आहे. तिथं रिक्षात बसणाऱ्या कित्येकांना कॅम्प हा कोणे एके काळी खराखुरा कॅम्प होता, याची कल्पनाही नसते.

शहराच्या बाहेर पडलं, की आणखी एक सीमा लागते आणि ती कोणत्याही सरकारने आखलेली नाही. पश्चिमेला काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि भाकरी. पूर्वेला तलाव, धान आणि भात. पूर्वेकडचा हा झाडीपट्टीचा मुलूख. त्याची बोली झाडीबोली आणि त्याची रंगभूमी तर महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे नाही अशी. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं केंद्र. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, प्रेक्षक सतरंजी, चादर आणि लेकरं घेऊन येतात, आणि शंकरपटाला किंवा मंडईला आलेल्या पाहुण्याला नाटक दाखवल्याशिवाय गावकरी सोडत नाहीत. याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. चंद्रपूर शहर या दोन मुलखांच्या सांध्यावर आहे, म्हणून इथल्या बाजारात कापसाचा शेतकरी आणि धानाचा शेतकरी एकाच टपरीवर चहा पितात. प्रमाण मराठीचाही इथं पाहुणचार होतो: अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं १९७९ साली वामन चोरघडे यांच्या आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली भरलं.

पाहुण्याला उपयोगी पडतील अशा चार बारीक गोष्टी. इथं दुकानदार आधी हिंदीत बोलेल. तुम्ही मराठीत उत्तर द्या, तो लगेच मराठीत येईल. सकाळी आलुबोंडा आणि पोहे, दोन्हींवर झणझणीत तर्री. नको असेल तर आधीच सांगावं. पानठेल्यावर हाताने घोटून मिळणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना; कोणी प्रेमाने पुढे केला तरी नम्रपणे नाही म्हणायला हरकत नाही, कोणी रागावत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. उन्हाळ्यात अकरा ते पाच घराबाहेर न पडणं हा आळस मानला जात नाही, तो शहाणपणा आहे.

आता धुराबद्दल. शहराला लागून असलेलं वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. महानिर्मितीचं हे सर्वांत मोठं केंद्र. विसाव्या शतकाच्या अखेरीस इथून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी टाकली गेली. म्हणजे वाघ बघायला येणाऱ्या मुंबईकराच्या घरातला पंखा कदाचित इथल्याच कोळशावर फिरत असतो. कोळसा इथला, राख इथली, आणि उजेड सगळ्यांचा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं. उघड्या खाणींनी वरचं जंगल कापत नेलं, वाघ मात्र हटले नाहीत. ते खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर आणि वीजकेंद्राच्या झुडपांत राहू लागले, आणि २०२२ मध्ये त्या परिसरात वाघाच्या आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. ताडोब्याच्या जिप्सीतून दिसणारा वाघ आणि वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या रस्त्यावरचा वाघ हे दोन वेगळे प्राणी नाहीत. पाहुण्याच्या दृष्टीने ते दर्शन, इथल्या आईच्या दृष्टीने ते पोराच्या शाळेचा रस्ता.

म्हणून या पुस्तकात बहुरंगी शहराचं कौतुक करताना एक खबरदारी घेतली आहे. इथली माणसं एकत्र राहिली ती कोणी सहिष्णुतेचे धडे दिले म्हणून नव्हे. पेठेला गिऱ्हाईक हवं होतं, खाणीला हात हवे होते, देवीला सगळेच चालत होते. कामाने जवळ आणलं, सवयीने टिकवलं. या सगळ्यात तोटा सर्वांत जास्त कोणाचा झाला, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या नावाने अख्खा महाखंड ओळखला जातो, त्या गोंडांच्या वाट्याला स्वतःच्या राजधानीत एक तुरुंगातला पिंपळ आणि काही समाध्या उरल्या. गडचिरोलीच्या आणि जिवतीच्या माडिया-कोलामांना तर जिल्ह्याचं गाव अजूनही लांबच आहे.

पुस्तकाची मांडणी चार दरवाज्यांनुसार केली आहे. अचलेश्वर दरवाज्याच्या भागात समाध्या, महाकाली आणि झरपट; पठाणपुऱ्याच्या भागात नद्या, पूर आणि लालपेठेच्या मूर्ती; बिनब्याच्या भागात इरई आणि जुने वाडे; जटपुऱ्याच्या भागात बाजार, दीक्षाभूमी, वीजकेंद्र आणि मोहर्लीचा रस्ता. प्रत्येक भाग अर्ध्या दिवसात पायी आणि रिक्षाने उरकेल असा बेतला आहे. शेवटी बल्लारपूर, भद्रावती, मार्कंडा आणि हेमलकसा या बाहेरच्या फेऱ्या आहेत.

वीजकेंद्राचे जुने संच बंद झाले आहेत, कोळसाही कधीतरी सरेल. वरोऱ्याची पहिली खाण शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच बंद झाली; गाव राहिलं, आणि त्याच वरोऱ्याला बाबा आमट्यांनी पुढे आनंदवन उभं केलं. खालचं जंगल संपल्यावर हे शहर कशावर जगेल, याचं सध्याचं उत्तर पर्यटन असं दिलं जातं. तसं असेल तर पाहुणा हा इथं जंगलाच्या हाकेने आलेला सगळ्यात नवा माणूस. त्याच्या आधी आलेल्यांनी कोणी कोट बांधला, कोणी मूर्ती घडवल्या, कोणी कोळसा खणला, कोणी तळी खोदली. नव्या माणसाने निदान एवढं करावं: आपण कोणाच्या अंगणातून जंगलात शिरतो आहोत, ते जाणून घ्यावं आणि तिथं थोडे पैसे, थोडा वेळ खर्च करून मग पुढे जावं.